वीस रुपयांचा वाटा आणि चौदा हजारांचा बयाणा

ती मला आजी म्हणते आणि मी तिला मावशी. ती चाळिशीची, मी सदुसष्ट वर्षांची. ती पावसाळ्यात दादरच्या फुटपाथवर रानभाज्या विकते, आणि तिथे नाती अशीच उलटसुलट जुळतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी तिला 'तुम्ही' म्हणते, ती मला 'तू' म्हणते, कारण तिच्या बोलीत अहो-जाहोला जागाच नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही, वाडीचंही नाही. कर्जतच्या आसपास, स्टेशनपासून पाऊण तासावर, पस्तीस-चाळीस घरांची कातकरवाडी, एवढं पुरे.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर हिशेबाची खाज जात नाही. २०२४ च्या जूनमध्ये मावशीने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर शोधायचं म्हणून मी दोनशे पानी वही घेऊन तिचा जमाखर्च लिहायला बसले. तिची परवानगी होती. वाडीला मी दोनदाच गेले, बाकी सगळं दादरलाच तिच्या शेजारी उलट्या क्रेटवर बसून लिहिलं.

प्रश्न असा होता. एक व्यापारी टेम्पो घेऊन वाडीवर येतो आणि म्हणतो, दादरला कशाला मरता, माल मलाच घाला. करटोलीला किलोमागे शंभर रुपये, पालेभाजीच्या जुडीला सात. टेम्पो दारात. "घालू का, आजी? तू बँकेतली, तुला कळंल."

मला वाटलं होतं, एका आठवड्यात उत्तर देऊन टाकीन.

माल

रानभाजी ही एक वस्तू नाही, ती रांग आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं येतात. मग टाकळा, फोडशी, कोरळ. पुढे कुर्डू, भारंगी. जुलैच्या मध्यावर करटोली, त्याच सुमाराला बांबूचे कोंब म्हणजे वास्ते. श्रावणात दादरच्या घराघरांतली मासळी बंद होते आणि मावशीचा धंदा वर चढतो. गणपतीत ती भाजी बाजूला ठेवून पत्री, आघाडा, दूर्वा, गौरीसाठी तेरडा आणते. दसऱ्याला आपटा आणि भाताच्या लोंब्या. त्यानंतर तिची जागा रिकामी.

यातली प्रत्येक गोष्ट फुकट मिळते, असं गिऱ्हाइकाला वाटतं. "जंगलातलीच ना?" असं म्हणत भाव पाडणाऱ्या बायका मी रोज ऐकल्या. माझ्याच सोसायटीतली एक त्यात होती. शेवळाचंच सांगते. सुरणाच्या कुळातला हा कोंब जमिनीतून वर आला की दोन-चार दिवसांत काढावा लागतो. कुठे येतो ते माहीत असावं लागतं. सोलताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. म्हणून बरोबर काकडं हवीत, ती आंबट फळं घातली की खाज मरते. मावशी शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं तशीच देते, त्याचे पैसे लावत नाही. एकदा मी म्हटलं, यांचे वेगळे दहा घ्या की. ती म्हणाली, "मग लोक काकडं घेणार नाय, नुसती शेवळं नेतील, घसा धरंल, पुढच्या वर्षी येनार नाय." बँकेत असताना यालाच आम्ही ग्राहक टिकवणं म्हणायचो आणि त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण व्हायचं.

बुधवार, २४ जुलै २०२४

त्या दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवते, कारण हंगामातल्या बऱ्याच दिवसांची छाप त्यात आहे.

मंगळवारी सकाळी सातला मावशी आणि तिची नववीतली मुलगी रानात गेल्या. मुलगी बाराला परत आली, मावशी तीनला. कुर्डू आणि भारंगीच्या पंचेचाळीस जुड्या पळसाच्या सोपाने बांधल्या, करटोली तीन किलो निघाली. शेजारणीचं तान्हं मूल आहे, तिला मुंबईला येता येत नाही. तिची तीन किलो करटोली मावशीने नव्वदच्या भावाने घेतली. रात्री सगळ्यावर ओलं फडकं.

बुधवारी पहाटे तीनला उठणं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, वाडीतून रस्त्यापर्यंत चालत, तिथून सहा आसनी रिक्षा, मग लोकलचा लगेजचा डबा. साडेसहाच्या सुमाराला दादर. पहिली बोहनी सात वाजता. एका आजोबांनी वीसची नोट दिली, ती तिने पाटीला लावून कपाळाला लावली.

करटोली पाव किलोला पन्नास. पाच किलो त्याच भावाने गेली, शेवटचा किलो संध्याकाळी एकशे वीसला. जुड्या आधी वीसला एक, अशा बावीस. चारनंतर पाने मऊ पडली, तेव्हा दहाला एक, अशा सोळा. सात उरल्या. त्या परत नेण्यात अर्थ नाही, गाईला घातल्या. एकूण गल्ला १,७२० रुपये.

खर्च: रिक्षा जाऊनयेऊन पाटीसकट १००, पासाचा त्या दिवसाचा वाटा २५, चहा-वडापाव ४५, शौचालय १०, शेजारणीच्या करटोलीचे २७०, पिशव्या २०, आणि 'जागेचे' ५०. हे पन्नास कुणाला, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बेरीज ५२०. हातात १,२००.

शौचालयाचे दहा रुपये मी सहज लिहिले आणि मग लक्षात आलं की ती दिवसातून फक्त दोनदा जाते. दोनदा जायचं म्हणजे पाटी शेजारी बसलेल्या विक्रेतीवर सोपवायची. म्हणून ती दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. जुलैत ठीक आहे. ऑक्टोबरच्या उन्हात मी तिला चक्कर येताना पाहिलं आहे. वहीत याचा रकाना नाही.

रात्री नऊला घरी. विक्रीचे अठरा तास, तोडणीचे आठ, मुलीचे पाच. एकतीस तासांचे बाराशे, म्हणजे तासाला एकोणचाळीस रुपये.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. पंचेचाळीस जुड्या सातने ३१५, स्वतःची तीन किलो करटोली ३००. एकूण ६१५. वेळ फक्त तोडणीचा, मायलेकींचे तेरा तास. तासाला सत्तेचाळीस रुपये. शिवाय गाडी नाही, पन्नास नाहीत, उपाशी पोट नाही, तुंबलेलं मूत्राशय नाही.

मी वही पुढे करून तिला सांगितलं, मावशी, टेम्पोला घाला. तासाला आठ रुपये जास्त सुटतात.

ती हसली. "बुधवारचा माझा दिवस कोण इकत घेतो, आजी?"

माझी चूक

बरोबर होतं तिचं. मी तिच्या दुसऱ्या दिवसाला भाव लावला, पण त्या भावाने तो दिवस घेणारं कुणी वाडीवर नव्हतंच. जुलैत भाताच्या लावणीचे दोन-तीन आठवडे सोडले तर पावसाळ्यात मजुरी नाही. रोजगार हमीचा २०२४-२५ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये होता, पण भर पावसात मातीकाम निघत नाही, आणि निघालं तरी मजुरी खात्यात यायला दिवस लागतात. म्हणजे दादरला न येता मावशी घरी बसली तर त्या दिवसाचे मिळणार शून्य. तेव्हा तुलना तासाची नको, दोन दिवस मिळून हातात काय पडतं याची हवी. बाराशे विरुद्ध सहाशे पंधरा. दुप्पट.

पण एवढ्यावरही प्रकरण संपत नव्हतं. टेम्पोवाला पैसे रोख देत नव्हता. हंगामाच्या आधी तो घरोघर दोन-तीन हजार देऊन ठेवतो आणि माल त्यातून वळता करतो. वही त्याची, वजनकाटा त्याचा, आणि नाव नवऱ्याचं. दादरचे पैसे मात्र मावशीच्या कमरेच्या पिशवीत पडतात. वाडीत कोण किती कमावतं ते सगळ्यांना माहीत असतं. दादरला ती किती कमावते ते तिला आणि मला माहीत. "घरी किती सांगता?" मी विचारलं. तिने पाटीवरचं फडकं नीट केलं. मी पुन्हा विचारलं नाही.

बयाणा

खरी गोष्ट मला ऑगस्टमध्ये कळली, तीही बोलता बोलता. मी म्हटलं, दसऱ्यानंतर काय? ती म्हणाली, "भट्टी."

ठाणे, पालघर, रायगडच्या कातकऱ्यांचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. दिवाळीनंतर वीटभट्टी, पावसाळ्यात वाडी. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास म्हणून नोंदलेल्या आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. कात पाडायचा म्हणून कातकरी. कात गेला, जंगल हातचं गेलं, जमीन बहुतेकांना कधी नव्हतीच. राहिली माती थापणं. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी धरतात, हजार विटांमागे दर ठरतो, त्याला हजारी म्हणतात. दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते आणि वैशाखात शेवटचा हिशेब होतो. या सगळ्याच्या आधी, म्हणजे पावसाळ्यातच, मुकादम बयाणा देतो. आगाऊ रक्कम. ती घेतली की जोडी त्या भट्टीची झाली.

२०२३ मध्ये मावशीच्या घराने आषाढात चौदा हजार बयाणा घेतला होता. आषाढात का? कारण तेव्हा घरात काही नसतं. भट्टीवरून आणलेलं संपलेलं, दुकानाची उधारी चढलेली, छपराचं प्लास्टिक फाटलेलं. हे सरकारलाही केव्हापासून ठाऊक आहे. आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना १९७८ पासूनची, आणि ती नेमकी याच महिन्यांसाठी होती. आज अंत्योदयाचं पस्तीस किलो धान्य फुकट मिळतं, त्यामुळे चूल अगदीच विझत नाही. पण तेल, मीठ, मिरची, औषध, मोबाइल, मुलीच्या वह्या यांना रोकडच लागते.

मी विचारलं, बयाणा घेतला नाही तर हजारी वेगळी मिळते का? ती म्हणाली, मिळते. बयाण्यावाल्याला साडेसातशे, मोकळ्या जोडीला नऊशे.

मी बँकेतली बाई. व्याज कुठे लपलंय ते मला लगेच दिसतं, असा माझा समज. इथे मला ते दिसायला चार मिनिटं लागली. त्या दोघांनी गेल्या हंगामात चौऱ्याऐंशी हजार विटा पाडल्या होत्या. हजारामागे दीडशे रुपयांचा फरक, म्हणजे १२,६०० रुपये. चौदा हजारांच्या आगाऊ रकमेची किंमत बारा हजार सहाशे, आणि मुद्दल वेगळं कापून घेतलेलं. व्याज हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. मुकादम म्हणतो, मी बिनव्याजी देतो. खोटं नाही, व्याज तो घेतच नाही, मजुरी कमी देतो.

गेल्या वर्षीचा त्यांचा हिशेब असा पडला: साडेसातशेने ६३,०००. वीस आठवड्यांची खर्ची दीड हजाराने ३०,०००. बयाणा १४,०००. हातात १९,०००. पाच महिने, दोन माणसं.

एक गोष्ट कायद्याची. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा फक्त साखळदंड घातलेल्या माणसासाठी नाही. आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य गमवावं लागलं तर तेही त्याच्या व्याख्येत बसतं. मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आषाढात पैसं कोण देणार, कायदा?" मी गप्प बसले.

तर दादरच्या या धंद्याकडे या बाजूने पाहिलं की चित्र बदलतं. त्या बाराशे रुपयांचं मोल ते बाराशे आहेत यात कमी आणि जुलैत येतात यात जास्त आहे. हेच पैसे मार्चमध्ये मिळाले असते तर बऱ्यापैकी वाटले असते, एवढंच. आषाढात मिळालेला प्रत्येक हजार बयाण्यातला एक हजार टाळतो, आणि टाळलेला प्रत्येक हजार वैशाखात दीडपट-दुपटीने परत येतो. टेम्पोवाल्याला माल घालायचा म्हणजे आषाढातली उचल मुकादमाऐवजी त्याच्याकडून घ्यायची. मावशीला हे आकड्यांत मांडता येत नव्हतं, पण टेम्पोला ती "तोबी बयाणाच" म्हणाली होती. जूनमध्येच म्हणाली होती. मी तेव्हा वहीत लिहून घेतलं नाही, कारण मला तो विषयांतर वाटला.

हंगाम

६ जून ते ११ ऑक्टोबर, अडतीस फेऱ्या. सगळ्या २४ जुलैसारख्या नव्हत्या. ८ जुलैच्या सोमवारी रात्रीतून तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि मध्य रेल्वे ठप्प झाली. रविवारी तोडलेली फोडशी घरातच सडली. एका दिवशी गाडी आली, म्हणजे फेरीवाल्यांना उठवणारी. सगळ्या बायका गाठोडी उचलून गल्लीत पळाल्या, मावशीची पाटी गेली. नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत द्यावा असं पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात आहे. मी तिला म्हटलं, चला, मागू. ती म्हणाली, माझी पाच पस्तीसची गाडी जाईल. आणि ती गेली.

हा कायदा चांगला आहे, पण तो वर्षभर एकाच जागी बसणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय. प्रमाणपत्र हवं तर आपल्याला उपजीविकेचं दुसरं साधन नाही असं लिहून द्यावं लागतं. मावशीला दुसरं साधन आहे: वीटभट्टी. ते साधन म्हणायचं का, यावर मी माझ्या वकील भाच्याशी अर्धा तास वाद घातला, निष्पन्न काही झालं नाही. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला तेवीस माणसं चेंगरून मेली, त्यानंतर उच्च न्यायालयाच्या आदेशाने स्टेशनपासून दीडशे मीटरची हद्द पक्की झाली. त्याआधी ती जिन्याच्या तोंडाशी बसायची, सासूची जागा होती ती. आता आतल्या रस्त्याला. सासूच्या काळातली अर्धी गिऱ्हाइकं तुटली, असं ती सांगते. जिन्याखाली गर्दी नको हे मला पटतं. त्या गर्दीत मीही रोज चालले आहे. तरी सकाळच्या दोन तासांपुरती हंगामी बायकांना चार फूट जागा आखून देणं एवढं अवघड असेल असं वाटत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर, राखीच्या आधी, लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते आले, तीन हजार. मावशीचे कुठे आले तेच कळेना. आधार कुठल्या तरी जुन्या खात्याला जोडलेलं होतं, जे तिने बाळंतपणाच्या वेळी उघडलं आणि विसरली. ते सापडायला तिच्या दोन फेऱ्या बुडाल्या, म्हणजे तीन हजारांसाठी सोळा-सतराशेचा धंदा. पण मिळाले. दीड हजारावर नाकं मुरडणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मी त्यांना हजारीचा हिशेब दाखवते.

बचत गटाचं विचाराल तर वाडीत गट झाला होता, दोनदा. गटाला बँकेचं कर्ज हवं तर नियमित बैठक, नियमित बचत, नियमित परतफेड आणि वही चोख पाहिजे. दहाच्या दहा बायका नोव्हेंबर ते मे चार वेगवेगळ्या भट्ट्यांवर असतात. बैठक कुठे घेणार? सहा महिने वही कोरी, की गट नापास. मी स्वतः अशा वह्या तपासून गट नापास केले आहेत. तेव्हा बायका कुठे गेल्या असतील हा प्रश्न मनात आला नव्हता. शेरा मारायचा रकाना समोर होता, मी मारला.

सरकारी पाहणीत मावशी 'स्वयंरोजगारी' या गटात मोडते. देशातल्या ग्रामीण बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४७.६ झालं, आणि वाढ मुख्यतः या स्वयंरोजगारी आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांचीच आहे. आकडा वर गेला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी आणि 'याला काय रोजगार म्हणायचं' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही लगेजच्या डब्यात एकदा उभं राहावं. डब्यात जागा असेल तर.

शिल्लक

अडतीस फेऱ्यांचे निव्वळ ३१,४५०. लाडक्या बहिणीचे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ४,५००. एकूण ३५,९५०. त्यातून आठवडी बाजार २३,८००, नवऱ्याच्या पायात काच गेली त्याचं औषधपाणी ३,९००, छपराचं प्लास्टिक २,१००, दुकानाची जुनी उधारी २,६००. उरले ३,५५०.

आषाढात बयाणा घेतला नाही. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मुकादम दोनदा दारात येऊन गेला, आणि नवऱ्याचं म्हणणं होतं की सगळे घेतायत, आपण नाही घेतला तर भट्टीवर आपल्याला चांगला थापा, म्हणजे विटा थापायची जागा, मिळणार नाही. दसऱ्यानंतर मात्र पाच हजार घ्यावेच लागले. दिवाळी होती, भट्टीवर झोपडीला ताडपत्री हवी होती, आणि साडेतीन हजारांत ते बसत नव्हतं. मुकादमाने हजारी साडेआठशे धरली. नऊशे त्याने दिले नाहीत, साडेसातशे मावशीने घेतले नाहीत. ही घासाघीस तिने केली, नवरा बाजूला उभा होता, असं तिनेच मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना आवाज बराच मोठा होता.

२०२५ च्या मे महिन्यात वळिवाने कच्च्या विटा भिजवल्या. पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, इतका लवकर तो अनेक दशकांत आला नव्हता. भिजून ढासळलेली वीट मोजत नाहीत. एक्क्याऐंशी हजार धरल्या. ६८,८५० मधून खर्ची ३०,००० आणि बयाणा ५,००० वजा जाता ३३,८५० निघत होते. मुकादमाने पावसाचं कारण सांगून सहा हजार अडकवले, "गणपतीला देतो" म्हणाला. म्हणजे हातात २७,८५०. आदल्या वर्षीचे १९,०००. विटा तीन हजार कमी पाडूनही.

अडकवलेले सहा हजार हाही बयाणाच आहे, फक्त उलटा. त्याच्यासाठी जोडीला पुन्हा त्याच भट्टीवर जावं लागेल. हे मी तिला समजावायला गेले, तर तिला ते आधीच कळलेलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती शेवळं घेऊन हजर. टेम्पोवाल्याने करटोलीचा भाव एकशे वीस केलाय. लावणीच्या तीन आठवड्यांत ती त्याला माल घालणार आहे, रोख दिला तर, कारण तेव्हा तिचा दुसरा दिवस विकला जातो, लावणीच्या मजुरीला. बाकी दिवस दादर. हे उत्तर गेल्या वर्षी मला सुचायला हवं होतं.

माझ्या वहीत एक गोष्ट मात्र राहून गेली होती, आणि ती मला हिवाळ्यात पानं चाळताना दिसली. एकतीस तासांतले पाच तास मुलीचे, ते मी भागाकारात घेतले आणि पुढे सरकले. अडतीस तोडण्या. त्यातल्या रविवारच्या आणि सुट्टीच्या सोडल्या तर बाकी दिवशी ती शाळेत नव्हती, किंवा उशिरा पोचली. सुटलेल्या बयाण्याचा काही भाग तिने भरलाय. यंदा ती दहावीला आहे.

म्हणून नवीन वहीत एक रकाना वाढवला, मुलीचे तास. पहिल्याच दिवशी विचारलं, काल किती वेळ होती तुमच्याबरोबर?

"दोन लिव," मावशी म्हणाली. मग एका बाईला काकडं मोजून देता देता थांबली.

"तीन."

मी तीन लिहिले.